आकाशातील परभाषा

संकटात सापडलेला वैमानिक, मग तो जपानचा असो, ब्राझीलचा असो वा नागपूरचा, बिनतारी यंत्रावर तीन वेळा एकच शब्द उच्चारतो : ‘मेडे’. इंग्रजी जाणणाऱ्याच्या कानाला त्यात मे महिन्याचा दिवस ऐकू येतो. वस्तुतः शब्द फ्रेंच आहे. ‘मला साहाय्य करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो इंग्रजी कानाने टिपलेला उच्चार होय. १९२३ साली लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी-अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड याच्याकडे, कोणालाही चटकन कळेल असा एक संकटशब्द सुचवण्याचे काम आले. त्या काळी क्रॉयडनची बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी चाले. इंग्रजाच्या जिभेवर बसेल आणि फ्रेंचाच्या कानाला उमगेल असा शब्द मॉकफर्डने शोधून काढला. आकाशाची भाषा इंग्रजी आहे असे म्हणण्याची रूढी आहे. परंतु त्या भाषेतील सर्वांत आर्त उद्गार शेजाऱ्याकडून उसना आणलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

वैमानिकांच्या जगात स्पर्धा आणि साहाय्य ही जुळी भावंडे आहेत. याचे एक भारतीय उदाहरण १९३० सालचे आहे. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडच्या दिशेने निघाले; अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमधील अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लग नसल्यामुळे अस्पीचे विमान अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला काढून दिले. अस्पी पुढे गेला, आणि पारितोषिक त्यानेच जिंकले. पुढे हाच अस्पी भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. या प्रसंगात औदार्य आहेच. पण आणखीही एक गोष्ट आहे. फ्रेंच मातेच्या पोटी पॅरिसमध्ये जन्मलेल्या टाटांची बालपणीची भाषा फ्रेंच होती, अस्पीची तशी नव्हती. त्याने काही बिघडले नाही. हाताने देता येणाऱ्या वस्तूला भाषेची फारशी गरज पडत नाही. पुढे विमाने मोठी झाली, वेग वाढला, आकाशात गर्दी झाली, आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला करावयाचे साहाय्य हातांऐवजी शब्दांनी करण्याची पाळी आली. शब्द तर नेहमीच कोणाच्या तरी मालकीच्या भाषेतला असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक स्वतंत्र, आणि स्वतंत्र होऊ घातलेल्या, राष्ट्राने आपला ध्वज विमानाच्या शेपटीवर रंगवला. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा कप्तानाच्या आसनावर भारतीय मनुष्य बसला आहे, या गोष्टीला प्रवासभाड्यापलीकडचे मोल होते. त्याच वर्षी लंडन येथे निरनिराळ्या देशांच्या वैमानिक-संघटनांनी आपला आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापिला. एकीकडे बंधुभाव, दुसरीकडे ध्वजाचा अभिमान, अशी ही दुहेरी निष्ठा होती. परदेशच्या मुक्कामात एकमेकांच्या शेजारी जेवणारे हे लोक एकमेकांविषयी ठराविक समजुती बाळगून असत : अमेरिकन बेफिकीर, इंग्रज आढ्यताखोर, फ्रेंच हट्टी, रशियन आज्ञाधारक, पूर्वेकडचे लोक वरिष्ठापुढे मुके. स्वतःच्या देशाविषयी मात्र अशी समजूत कोणापाशीही नसे. स्वतःचा स्वभाव हा स्वभाव वाटतच नाही. तो केवळ योग्य रीत वाटतो.

या समजुतींपैकी किती खऱ्या, याचा शोध टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेल्मराइक आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅशली मेरिट यांनी अनेक देशांतील वैमानिकांना प्रश्न विचारून घेतला. त्यांचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. कप्तानाच्या निर्णयावर सहवैमानिकाने शंका घ्यावी की नाही, याविषयीची उत्तरे देशागणिक बदलतात, असे त्यांना आढळले. म्हणजे फरक खरा होता. परंतु एका बाबतीत देशोदेशींचे वैमानिक विलक्षण एकसारखे निघाले. थकव्याचा, काळजीचा, घरच्या दुःखाचा आपल्या कामावर परिणाम होत नाही, असे मानण्याकडे सर्वांचाच कल होता. राष्ट्राराष्ट्रांत वाटला गेलेला हा व्यवसाय आपल्या अहंकारात मात्र एकराष्ट्रीय होता.

२७ मार्च १९७७ हा दिवस या अहंकाराच्या आणि भाषेच्या इतिहासात विसरता येण्याजोगा नाही. कॅनरी बेटांतील लास पाल्मासच्या विमानतळावर बाँबस्फोट झाल्याने अनेक विमाने शेजारच्या तेनेरिफे बेटावरील लोस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळवण्यात आली. त्यांत डच कंपनी के.एल.एम. आणि अमेरिकन कंपनी पॅन अ‍ॅम यांची दोन प्रचंड बोइंग ७४७ विमाने होती. धुके उतरले. डच विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे होते; अमेरिकन विमान त्याच धावपट्टीवरून सावकाश चालत होते; मनोऱ्यातून स्पॅनिश नियंत्रक दोघांशी इंग्रजीत बोलत होता, आणि त्याला दोघांपैकी कोणीही दिसत नव्हते. डच सहवैमानिकाने सांगितले, ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत.’ नियंत्रकाने ते ‘उड्डाणाच्या जागी सज्ज आहोत’ असे समजून घेतले. विमान तर धावू लागलेले होते. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि थांबून राहण्याविषयी सांगू लागला. त्याच वेळी आपण अजून धावपट्टीवरच आहोत असे अमेरिकन विमान सांगत होते. दोन आवाज एकाच लहरीवर एकमेकांना छेदून गेले, आणि डच विमानात ‘ओके’नंतर मुख्यतः एक कर्कश शीळ ऐकू आली. ५८३ माणसे मरण पावली. अमेरिकन विमानातील ६१ जण तेवढे वाचले.

‘टेक-ऑफला आहोत’ या शब्दयोजनेचे भाषाशास्त्रज्ञांनी दिलेले एक स्पष्टीकरण असे की, डच भाषेत चालू क्रिया दाखवण्याकरिता क्रियेपूर्वी स्थलवाचक अव्यय घालण्याची पद्धत आहे; सहवैमानिकाने इंग्रजी शब्द वापरले, पण त्यांखालचे व्याकरण मायबोलीचे राहिले. मराठी वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. ‘पाहुणे जेवायला बसले आहेत’ या वाक्यातील पाहुणे पानाची वाट पाहत आहेत की त्यांचा वरण-भात संपत आला आहे, हे वाक्यावरून कळत नाही. आणि कळत नाही म्हणून कोणाचे अडतही नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला तर याहून जुने उदाहरण आठवेल. ‘गंगेवर वस्ती आहे’ असे म्हटले की वस्ती प्रवाहावर नसून तीरावर आहे हे ऐकणारा जाणतो, आणि लक्षणेचे विवेचन शतकानुशतके याच उदाहरणाने सुरू होत आले आहे. एका सप्तमीत स्थळ आणि सान्निध्य दोन्ही मावतात. काव्यात त्याने गोडी येते. धुक्यातल्या धावपट्टीवर त्या सप्तमीचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे केला.

याच दुर्घटनेत एक दुसराही धागा होता. डच कप्तान हा आपल्या कंपनीच्या ७४७ विमानांवरील प्रशिक्षणाचा प्रमुख होता. कंपनीच्या जाहिरातींत त्याचे छायाचित्र झळके. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय, असा प्रश्न विमान धावत असताना यांत्रिकाने विचारला होता. कप्तानाने ठामपणे त्याची शंका निवारली, आणि पुन्हा विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. स्पॅनिश चौकशीने मुख्य दोष डच कप्तानावर ठेवला. डच पक्षाने संदेशांच्या संदिग्धतेवर आणि सर्वांच्या सामायिक जबाबदारीवर भर दिला. प्रत्येक देशाच्या पदरात त्याला मानवेल तेवढेच सत्य पडले. यानंतर एक नियम मात्र सर्वांनी मान्य केला. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना तेवढाच उच्चारावयाचा; इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणावयाचे. एका शब्दाला त्याच्या सर्व छटा काढून घेऊन एकाच अर्थाशी बांधून ठेवण्याचा हा प्रकार होता. आनंदवर्धनाने ज्या ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले, त्या ध्वनीला आकाशातून हद्दपार करण्यात आले. तेथे यापुढे केवळ अभिधेचे राज्य असावयाचे होते.

परंतु माणसे व्यंजनेची सवय इतक्या सहजासहजी सोडत नाहीत. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालीत होते. खराब हवेमुळे त्याला निरनिराळ्या ठिकाणी मिळून एक तास सतरा मिनिटे थांबवून ठेवण्यात आले होते. कप्तानाला इंग्रजी बेताचेच येत असल्याने बोलण्याचे काम सहवैमानिकाकडे होते. संकट जाहीर करण्यास कप्तानाने त्याला स्पॅनिशमध्ये सांगितले. सांगितले आहे, असे त्यानेही उत्तर दिले. प्रत्यक्षात त्याने ‘प्रायॉरिटी’ मागितली होती, आणि इंधन संपत आल्याचे नियंत्रकाच्या सूचनेला होकार देताना जाता जाता सांगितले होते. नियमाच्या पुस्तकात ज्या शब्दांनी यंत्रणा हलते, तो ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. इंजिने एकेक करून थांबली, आणि लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे विमान कोसळले. १५८ पैकी ७३ जण मरण पावले. घाईत असलेल्या नियंत्रकांनी शब्द ऐकले. त्या शब्दांमागची भीती त्यांना ऐकू आली नाही. सहवैमानिकाला वाटले की आपण सांगितले. शहराला वाटले की आपल्याला कोणी काही सांगितलेच नाही.

येथे भाषेतील आदराचा प्रश्न उभा राहतो, आणि तो भारतीय भाषांना अत्यंत जवळचा आहे. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचे विमान ग्वाम बेटावरील टेकडीवर रात्री पावसात आदळले आणि २२८ माणसे दगावली. कप्तान चुकीच्या उंचीवर उतरत असता सहवैमानिक व यांत्रिक यांनी त्याला वेळीच अडवले नाही, असे अमेरिकन चौकशीने म्हटले. कोरियन भाषेत श्रोत्याच्या मानाप्रमाणे क्रियापदाची रूपे बदलतात. व्याकरणकार परंपरेने अशा सहा पातळ्या मोजतात. त्यावरून पुढे असे सांगितले जाऊ लागले की, ही भाषाच विमानांना मारते. २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने हे मत जगभर पोहोचवले. आता, मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ आहेत. कनिष्ठाला वरिष्ठाची चूक दिसली तर तो ‘तुमचे चुकते आहे’ असे म्हणत नाही. ‘एकदा बघून घेतले असते तर…’ एवढेच म्हणतो आणि वाक्य सोडून देतो. अर्धे सोडलेले वाक्य हे मराठी विनयाचे सर्वांत सुसंस्कृत रूप आहे. तमिळ, बंगाली, हिंदी, उर्दू यांच्यापाशीही आपापले असे संकेत आहेत. भाषेच्या सौजन्यालाच गुन्हेगार ठरवावयाचे झाले, तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणार नाही अशी भाषा या उपखंडात क्वचितच सापडेल.

हा आरोप टिकत नाही, याचा पुरावा आरोप करणाऱ्यांच्याच दप्तरात आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे विमान अमेरिकेतील पोर्टलँड येथे इंधन संपून कोसळले, १० जण मृत्युमुखी पडले. चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कप्तानाला इंधनाचे भान राहिले नाही, आणि ते संपत आल्याची जाणीव असलेला यांत्रिक सूचक बोलत राहिला, ठणकावून बोलला नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे बर्फाच्या वादळात उड्डाण घेणारे एअर फ्लोरिडाचे विमान पोटोमॅक नदीत पडले व ७८ जणांचा अंत झाला. यंत्रांवरील आकडे बरोबर दिसत नाहीत, असे सहवैमानिक पुन्हा पुन्हा म्हणत होता. ‘थांबा’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडून निघाला नाही. येथे कप्तान अमेरिकन, सहवैमानिक अमेरिकन, भाषा इंग्रजी, आणि त्या भाषेत श्रोत्यासाठी एकच सर्वनाम. तरीही अर्धे सोडलेले वाक्य तेथे होतेच. पदाची उतरंड व्याकरणात नसली तरी ती आवाजात, आसनात, पगारात असते. म्हणूनच १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने यासंबंधी परिषद भरवली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना एकमेकांशी बोलण्याचे शिक्षण सुरू केले. अमेरिकन वैमानिकाची ही उणीव ‘प्रशिक्षणाचा अभाव’ म्हणून नोंदली गेली. तीच कोरियन वैमानिकात दिसली, तेव्हा तिला ‘संस्कृती’ असे नाव मिळाले.

ग्वामच्या अहवालातच आणखी एक नोंद आहे. विमान धोकादायकरीत्या खाली आल्यास नियंत्रकाला इशारा देणारी यंत्रणा बेटावर होती. अमेरिकन विमानवाहतूक प्रशासनाने ती हेतुपुरस्सर बरीचशी निष्क्रिय करून ठेवली होती, कारण ती विनाकारण फार इशारे देत असे. या निर्णयामागे कोणती प्राचीन परंपरा आहे, याचा शोध घेण्याची गरज कोणाला भासली नाही. कोरियन एअरने २००० साली अमेरिकेतून आलेल्या एका अनुभवी अधिकाऱ्याच्या हाती उड्डाणविभाग सोपवला, इंग्रजीचा व परस्परसंवादाचा अभ्यास सक्तीचा केला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत तिच्या विमान-अपघातात एकही प्रवासी मरण पावला नाही. तेच कोरियन वैमानिक, तीच आदरार्थी रूपे घरी बोलत, सुरक्षित विमाने चालवू लागले. संस्कृती अढळ नियती असती, तर हे घडले नसते.

भारताच्या भूमीवर हा सारा गुंता १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी हरयाणातील चरखी दादरी येथे कोसळला. दिल्लीहून निघालेले सौदी विमान वर चढत होते. कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ दिल्लीकडे उतरत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. कझाक विमान दिलेल्या उंचीखाली उतरले; ३४९ माणसे गेली. सौदी विमानात उदरनिर्वाहासाठी निघालेले पुष्कळ भारतीय कामगार होते. सोव्हिएत परंपरेत वैमानिक उंची मीटरमध्ये मोजीत, फुटांचा हिशेब त्यांना वेगळा करावा लागे. शिवाय विमानात बिनतारीवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारा वेगळा असे. दिल्लीशी इंग्रजीत बोलणाऱ्याच्या समोर स्वतःचे उंचीमापक नव्हते, आणि ज्याच्या हाती विमान होते त्याला नियंत्रकाचे बोलणे नीट उमगलेले नव्हते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने कझाक चालकदलाचा दोष आणि त्यांच्या इंग्रजीची दुर्बलता नोंदवली. ती नोंद यथार्थ आहे. परंतु दिल्लीला येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांसाठी तेव्हा एकच चिंचोळा मार्ग होता, आणि विमानाची उंची पडद्यावर दाखवणारे रडार अद्याप सुरू झालेले नव्हते, हेही तितकेच खरे. अपघातानंतर मार्ग वेगळे झाले, आणि समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा देणारे उपकरण भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचे झाले. परक्याच्या इंग्रजीबरोबर घरच्या व्यवस्थेतही सुधारणेला वाव होता, याची ही कबुलीच होती.

एकाच कक्षात दोन देश शेजारी बसले म्हणजे काय होते, हे २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे दिसले. दुबईहून आलेल्या विमानाचा कप्तान सर्बियन वंशाचा होता, सहवैमानिक भारतीय. त्या दशकात भारतीय विमानसेवांनी पुष्कळ परदेशी कप्तान आणले होते. त्यांचे वेतन, त्यांच्या सुट्ट्या यांवरून देशी वैमानिकांत धुसफूस होती, आणि त्यांना रजा देण्याच्या मुदती सरकार ठरवीत व वाढवीत होते. त्याच सुमारास भारतीय कप्तान आखाती देशांच्या विमानांत परदेशी म्हणून बसत होते, हे येथे विसरू नये. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने दाखवून दिले की, प्रवासात कप्तान दीर्घकाळ झोपलेला होता, उतरताना विमान फार उंचावर होते, आणि पुन्हा वर घेण्याविषयी सहवैमानिकाने तीन वेळा सांगितले होते. येथे अर्धे सोडलेले वाक्य नव्हते. शब्द नियमातला होता, आणि सहवैमानिक मुका राहिला नाही. तरीही १५८ माणसे मरण पावली, ८ वाचली. कनिष्ठाने बोलावे हा अर्धाच नियम आहे. वरिष्ठाने ऐकावे, किंवा त्याने न ऐकल्यास कनिष्ठाने विमान हाती घ्यावे, हा उरलेला अर्धा भाग. ‘पूर्वेकडचे लोक मुके’ या समजुतीत ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार कधीच नव्हता.

मग सर्वांनी सर्वत्र इंग्रजीच बोलावी, असे म्हणून प्रश्न सुटतो काय? भारतीय भाषांच्या वाचकाला या प्रश्नाचा सूर ओळखीचा वाटेल. जून १९७६ मध्ये कॅनडात क्वेबेक प्रांताच्या आकाशात नियंत्रकांनी फ्रेंचही बोलावी की नाही, यावरून इंग्रजीभाषक वैमानिकांनी संप केला. ज्या माँत्रेआल शहरात आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचे मुख्य कार्यालय आहे, तेच शहर या तंट्याचे केंद्र होते. सरकारने संपवाल्यांशी केलेल्या तडजोडीच्या निषेधार्थ झाँ मार्शाँ या मंत्र्याने राजीनामा दिला. फ्रेंचभाषक वैमानिक व नियंत्रक यांनी ‘झाँ द लेर’ या नावाने आपली संघटना उभी केली होती. एक पक्ष सुरक्षेचे नाव घेत होता, दुसरा सन्मानाचे. आणि दोन्ही पक्षांच्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. अखेर तीन न्यायाधीशांच्या आयोगाने तपास करून १९७९ साली द्वैभाषिक नियंत्रण सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. ज्याला जी भाषा उत्तम येते तीत त्याने बोलावे, यात धोका कमी, असाही युक्तिवाद होऊ शकतो, हे त्या निर्णयाने मान्य केले.

परंतु दुसरी बाजूही दुबळी नाही. आकाशात एकाच लहरीवर अनेकजण ऐकत असतात. दुसऱ्याला दिलेली आज्ञा ऐकून तिसरा आपला धोका ओळखतो. २५ मे २००० रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकाने एका फ्रेंच विमानाला फ्रेंचमधून उड्डाणाची परवानगी दिली. आणि एका लहान ब्रिटिश मालवाहू विमानाला, त्यामागून धावपट्टीवर येण्यास इंग्रजीतून सांगितले. धावपट्टीच्या मधल्याच वाटेने ब्रिटिश विमान आत आले. त्याच्या चालकांना फ्रेंच कळली असती तर कदाचित ते थांबले असते. फ्रेंच विमानाचा पंख त्यांच्या कक्षाला लागला, आणि सहवैमानिक जागीच ठार झाला. त्याच वर्षी वसंतात एअर फ्रान्सने आपल्या वैमानिकांना त्या विमानतळावर इंग्रजीतच बोलण्याचा आदेश काढला होता, आणि वैमानिकांच्या विरोधामुळे तो थोड्याच दिवसांत मागे घेतला होता. स्वभाषेचा अभिमान गैर नव्हे. पण त्या दिवशी स्वभाषेने शेजाऱ्याला बहिरे केले.

आंतरराष्ट्रीय संघटनेने काढलेला मार्ग या दोन्ही सत्यांना जागा देणारा आहे. जमिनीवरील केंद्राने स्थानिक भाषेत बोलावे, आणि मागणी केल्यास इंग्रजी उपलब्ध असावी, असा तिचा दंडक आहे. चरखी दादरीसारख्या दुर्घटनांच्या पार्श्वभूमीवर २००३ साली तिने बिनतारीवर बोलणाऱ्या वैमानिकांची व नियंत्रकांची भाषापरीक्षा ठरवली. मार्च २००८ पासून ती लागू झाली आणि तयारी न झालेल्या देशांना २०११ पर्यंत सवलत मिळाली. सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी पायरी गाठणे आवश्यक ठरले. या परीक्षेवर पुष्कळ टीका झाली. परीक्षक कोण, उच्चार कोणाचा, असे प्रश्न विचारले गेले, आणि ते रास्त होते. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो जन्मतःच वरच्या पायरीवर उभा राहतो आणि बाकीचे जग आयुष्यभर जिना चढत राहते, असे चित्र दिसे.

नियम नीट वाचला तर मात्र चित्र थोडे बदलते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही तेथे काही सोडावे लागते. म्हणी, वाक्प्रचार, विनोद, गावचा हेल, भरभर बोलण्याची ऐट हे सारे त्याने जमिनीवर ठेवून वर जावे, अशी अपेक्षा आहे. १९५६ पासून वापरात असलेली अक्षरांची आंतरराष्ट्रीय नावे माँत्रेआल विद्यापीठातील झाँ-पॉल व्हिने यांच्या संशोधनातून सिद्ध झाली. फ्रेंच माणूस शेवटचा ‘टी’ गिळतो म्हणून ‘ज्यूलिएट’ला एक ‘टी’ अधिक दिला गेला, आणि ‘अल्फा’त ‘पीएच’च्या ऐवजी ‘एफ’ आला. अंकांचेही तसेच. मराठीत एकोणतीस आणि एकोणचाळीस घाईत सारखे ऐकू येतात, म्हणून दूरध्वनीचा क्रमांक सांगताना शहाणा माणूस एकेक अंक सुटा सांगतो. आकाशातही उंचीचा व दिशेचा आकडा सुटाच सांगतात. इंग्रजीतला ‘फाइव्ह’ तेथे ‘फाइफ’ होतो, ‘नाइन’ हा ‘नाइनर’ होतो, म्हणजे खरखरीत दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. आणि ‘थ्री’ हा ‘ट्री’ होतो, कारण तो दंत्य उच्चार जगातील फार थोड्या जिभांना साधतो.

ऑक्सफर्डला शिकलेला इंग्रज कप्तान पुस्तकाप्रमाणे वागून ‘ट्री’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःची भाषा थोडी परक्यासारखी बोलत असतो. कोणाच्या तरी कानासाठी केलेली ही लहानशी मोडतोड आहे; तिचा लाभ ज्याला होतो त्याचे नाव, देश, वर्ण त्याला ठाऊक नसतात. पुष्कळ कप्तान आळसाने वा अभिमानाने अजूनही ‘थ्री’च म्हणतात, आणि बहुधा काही बिघडत नाही.